नव्या फोनमध्ये सगळे फोटो एकाच तारखेचे दिसतात? तारीख कुठे बिघडली ते असं शोधा

फोन बदलला, की जुना फोन साफ करायच्या आधी फोटो लॅपटॉपवर घेतले जातात, तिथून हार्ड डिस्कवर, कधी तिथून पुन्हा नव्या फोनवर. या फिरवाफिरवीत फोटो सहसा हरवत नाहीत, पण त्यांचा क्रम हमखास जातो. तक्रार दर वेळी तीच असली तरी कारणं पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. म्हणून आधी लक्षण ओळखा.

लक्षणं

- हजारो फोटो कॉपी केलेल्या दिवसाच्या तारखेखाली एका गठ्ठ्यात दिसतात.
- कॅमेऱ्याने काढलेले फोटो जागेवर आहेत, फक्त व्हॉट्सॲपचे विस्कटलेत.
- फोटो बरोबर, पण त्याच कार्यक्रमाचे व्हिडिओ साडेपाच तास मागे.
- एका सहलीचे फोटो १ जानेवारी २०१५, १९८० किंवा १९७० च्या तारखेखाली.
- दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र केले, तर अंतरपाट दूर होण्याआधीच वधूवर जेवायला बसलेले दिसतात.
- आजोबांचे स्कॅन केलेले फोटो मागच्या महिन्यातले म्हणून दिसतात.

एका फोटोला दोन तारखा

पोस्टाने आलेल्या पत्राला दोन तारखा असतात. एक पत्रात वर कोपऱ्यात लिहिलेली, दुसरी पाकिटावरच्या शिक्क्याची. फोटोचंही तसंच. कॅमेरा फोटो काढताना फाइलच्या पोटात वेळ लिहून ठेवतो. या माहितीला एक्झिफ म्हणतात आणि त्यातली कामाची नोंद म्हणजे ‘डेट टेकन’. फाइल कुठेही कॉपी करा, ती बदलत नाही. पाकिटावरची तारीख मात्र विंडोज किंवा अँड्रॉइड ठेवतं: ‘डेट क्रिएटेड’ आणि ‘डेट मॉडिफाइड’. विंडोजवर फाइल कॉपी केली की ‘क्रिएटेड’ कॉपीच्या क्षणाची होते, ‘मॉडिफाइड’ सहसा जुनीच राहते. त्यामुळे फाइल ‘तयार’ झाली २०२४ मध्ये आणि ‘बदलली’ २०१७ मध्ये, असं विचित्र दृश्य दिसतं. त्यात बिघाड काही नाही.

गॅलरी आधी पत्र उघडून बघते. आत तारीख नसेल, तर शिक्क्यावर विसंबते. निम्म्याहून अधिक गोंधळाचं मूळ एवढंच आहे.

आधी बघण्याची पद्धत तपासा

याला दोन मिनिटं लागतात आणि कशाचंही नुकसान होत नाही. विंडोजमध्ये फोल्डर ‘डिटेल्स’ व्ह्यूमध्ये उघडा, वरच्या रकान्यांच्या पट्टीवर राइट क्लिक करा, ‘मोअर’मध्ये जाऊन ‘डेट टेकन’वर खूण करा आणि त्याच रकान्यावर सॉर्ट करा. क्रम जागेवर आला, तर फोटोंना काही झालेलं नाही. तुम्ही इतके दिवस ‘डेट क्रिएटेड’वर लावून बघत होतात.

फोनवर एक फोटो उघडून वर सरकवा किंवा माहितीचं चिन्ह दाबा. तिथे कॅमेऱ्याचं मॉडेल, शटर स्पीड, आयएसओ दिसत असेल, तर आतली नोंद शाबूत आहे. फक्त नाव, आकार आणि फोल्डर दिसत असेल, तर आत बहुधा काहीच नाही.

ही तपासणी वेगवेगळ्या फोल्डरमधल्या निदान दहा फोटोंवर करा. एका फोटोवरून निदान केलं की चुकतंच, कारण घरच्या संग्रहात फोनचे, व्हॉट्सॲपचे, स्क्रीनशॉटचे आणि स्टुडिओतून आलेले फोटो मिसळलेले असतात. रकान्यात ‘डेट टेकन’ रिकामी असलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. पुढचं बहुतेक काम त्यांचंच आहे.

व्हॉट्सॲपचे फोटो

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्यातलं एक्झिफ काढून टाकलं जातं. जागेची नोंदही त्याबरोबर जाते, हे खरं तर चांगलंच. पण पत्र कोरं होतं. जुन्या फोनवर शिक्क्याच्या आधारावर क्रम लागलेला असतो. नव्या फोनवर शिक्का नवा पडतो आणि सगळे आजचे होतात.

सुटका फाइलच्या नावात असते. अँड्रॉइडवर या फाइलचं नाव ‘आयएमजी-२०१९०८१५-डब्ल्यूए०००७’ अशा धर्तीचं असतं. मधले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस: १५ ऑगस्ट २०१९. शेवटचे चार आकडे त्या दिवसातला क्रमांक. लक्षात घ्या, ही तारीख फोटो आला त्या दिवसाची आहे, काढला त्या दिवसाची नव्हे. मामाने २०११ च्या मुंजीचा फोटो २०१९ मध्ये पाठवला, तर तो २०१९ मध्येच जाऊन बसणार. असे निवडक फोटो हाताने नीट करावे लागतात, दुसरा मार्ग नाही.

बाकीच्यांसाठी डिजिकॅम वापरा. फोटो सांभाळायचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फोटो निवडा, ‘आयटम’ मेनूतून ‘ॲडजस्ट टाइम अँड डेट’ उघडा आणि तारीख ‘फाइलनेम’मधून घ्यायला सांगा. मग खाली कोणकोणत्या नोंदी बदलायच्या त्यांच्या चौकटी आहेत, तिथे एक्झिफच्या चौकटीवर खूण आहे का ते पाहा. खूण फक्त ॲपच्या नोंदीवर ठेवली, तर डिजिकॅममध्ये सगळं सुरेख दिसतं आणि फोनवर नेलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कारण बदल त्याच्या डेटाबेसमध्ये झाला, फाइलमध्ये नाही.

इथून पुढे फाइलमध्ये लिहायचं आहे, म्हणून तीन गोष्टी पाळा. मूळ फोटोंची पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरला प्रत म्हणत नाहीत. सुरुवात पाच-दहा फोटोंवर करून निकाल पाहा. आणि फोनवर किंवा लॅपटॉपवर गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल, तर काम संपेपर्यंत बंद ठेवा. एक्झिफ बदललं की गूगलच्या लेखी ती नवी फाइल ठरते. ती पुन्हा चढते आणि प्रत्येक फोटो दोनदा दिसायला लागतो. १ जून २०२१ पासून फुकटच्या १५ जीबीत फोटोही मोजले जातात, त्यामुळे हा दुहेरी बोजा परवडत नाही.

कॉपी कशी केली होती?

अँड्रॉइड फोन केबलने जोडून एक्सप्लोररमधून फोटो ओढले, की बाहेरच्या तारखा अनेकदा कॉपीच्या वेळेच्या होतात. एक्झिफ असलेल्या फोटोंना फरक पडत नाही. स्क्रीनशॉट, डाउनलोड केलेली चित्रं आणि व्हॉट्सॲपचे फोटो मार खातात.

जुना फोन अजून हाताशी असेल, तर हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे: फोनवरच्या फाइल मॅनेजरमध्ये फोल्डरची झिप करा, ती एकच फाइल लॅपटॉपवर न्या आणि तिथे उघडा. झिप प्रत्येक फाइलची ‘मॉडिफाइड’ तारीख आपल्याबरोबर नेते. फोल्डरची नावं देवनागरीत असतील, तर झिप उघडायला नवं सॉफ्टवेअर वापरा. जुन्या प्रोग्राममध्ये ‘गणपती’च्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात.

यावरून एक सांगणं. क्रम तपासून होईपर्यंत जुना फोन फॅक्टरी रीसेट करू नका, एक्स्चेंजमध्येही देऊ नका. दुकानदार घाई करतो, पण रीसेटनंतर पाकिटावरचे मूळ शिक्के कायमचे गेले.

साडेपाच तासांचं कोडं

फोटो बरोबर आणि व्हिडिओ मागे, हे लक्षण दिसलं की घोटाळा टाइम झोनचा आहे, अगदी डोळे मिटून सांगावं इतकं. एक्झिफमधली मुख्य वेळ स्थानिक असते: मनगटावरच्या घड्याळात जे वाजले तेच. एमपी४ आणि मूव्ह प्रकारच्या व्हिडिओंत मात्र वेळ यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहायचा नियम आहे आणि भारत त्याच्या साडेपाच तास पुढे. सॉफ्टवेअरने ही भर घातली नाही, तर गोरज मुहूर्तावर संध्याकाळी ६.४२ ला झालेल्या मंगलाष्टकांचा व्हिडिओ दुपारी १.१२ चा दिसतो. नरक चतुर्दशीला पहाटे ५.१० ला काढलेला अभ्यंगस्नानाचा व्हिडिओ तर आदल्या रात्री ११.४० ला जाऊन बसतो, म्हणजे तारीखच बदलते.

त्यात काही कॅमेरे नियम न पाळता व्हिडिओतही स्थानिक वेळच लिहितात. म्हणून सगळ्या व्हिडिओंना सरसकट साडेपाच तास जोडू नका. आधी एकाच कॅमेऱ्याचे लागोपाठचे एक फोटो आणि एक व्हिडिओ घ्या, वेळा शेजारी ठेवा. फरक नेमका ५ तास ३० मिनिटांचा असेल, तरच त्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओंना भर घाला. आणि दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये तोच व्हिडिओ बरोबर दिसत असेल, तर फाइलला हात लावू नका. तिथे चूक पहिल्या ॲपची आहे.

व्हिडिओ थेट १९०४ सालचा दिसला तर दचकू नका. एमपी४ आणि मूव्हच्या मुळाशी असलेल्या क्विकटाइम पद्धतीचं घड्याळ १ जानेवारी १९०४ पासून मोजतं. नोंदीच्या जागी शून्य असलं की ती तारीख येते. तसंच १ जानेवारी १९७० हे युनिक्स या संगणक प्रणालीच्या मोजणीचं शून्य आणि १ जानेवारी १९८० हे मेमरी कार्डावर फाइल ठेवण्याच्या फॅट पद्धतीचं. या तारखा दिसल्या की ‘तारीख चुकली’ असं न म्हणता ‘तारीख लिहिलीच गेली नाही’ असं समजा. १९७० दिसलं आणि वेळ पहाटे साडेपाचची असली, तर तेच शून्य भारतीय वेळेत दिसतंय.

परदेशातल्या नातेवाइकांकडे जाऊन आलेल्या फोटोंत हाच प्रकार उलट घडतो. विमान उतरलं की फोन स्वतःचं घड्याळ बदलतो, कॅमेरा भारतीय वेळेवरच राहतो. दुबईत कॅमेऱ्याचे फोटो दीड तास पुढे दिसतात, न्यू जर्सीत हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास. अशा वेळी कॅमेऱ्याचे फोटो मागे घ्या, फोनचे नको.

कॅमेऱ्याचं घड्याळ

हे काम थोडं जिकिरीचं आहे, पण जमलं तर अख्खी वर्षं जागेवर येतात.

डिजिटल कॅमेऱ्यात घड्याळासाठी वेगळा छोटा सेल असतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो मुख्य बॅटरीवर चार्ज होतो. बॅटरी काढून कॅमेरा कपाटात सहा महिने पडला की तो रिकामा होतो आणि घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर परत जातं. गणपतीत कॅमेरा बाहेर काढला, स्क्रीनवर तारीख विचारली गेली, घाईत ‘ओके’ दाबलं. मग सगळा उत्सव १ जानेवारीला.

दुरुस्ती म्हणजे फरक काढून तो सगळ्यांना जोडणं. त्यासाठी असा एक फोटो हवा ज्याची खरी वेळ नक्की माहीत आहे. मागे भिंतीवरचं घड्याळ दिसणारा फोटो उत्तम. तो नसेल, तर त्याच क्षणी कुणीतरी फोनवर काढलेला. समजा प्राणप्रतिष्ठेचा फोटो कॅमेऱ्याच्या मते १ जानेवारी २०१५ ला रात्री १२.४७ चा आहे, आणि खरी वेळ होती १३ सप्टेंबर २०१८, सकाळी १०.४७. फरक १३५१ दिवस आणि १० तास. डिजिकॅमच्या त्याच खिडकीत ‘ॲड’ निवडून हे दोन आकडे घाला. फरक हाताने मोजू नका, २०१६ चा लीप दिवस राहून जातो. तारखांचं अंतर कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये वजाबाकीने मिळतं.

जोडण्याआधी एक गोष्ट बघा. फाइलचे क्रमांक चढत जाताना वेळही चढते का? ०४१२ चा फोटो ३ जानेवारीचा आणि ०४१३ पुन्हा १ जानेवारीचा असेल, तर मधे घड्याळ आणखी एकदा शून्यावर गेलं आहे. तिथे गठ्ठा तोडा आणि दोन्ही भागांचे फरक वेगळे काढा. हे न बघता एकच फरक लावला, की विसर्जन आगमनाच्या आधी होतं. क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा सुरुवातीला येतात, तेवढा अपवाद सोडा.

दोन कॅमेऱ्यांच्या लग्नातही रीत हीच. दोन्हींत आलेला एकच क्षण शोधा. हार घालण्याचा क्षण सोयीचा, कारण तो चुकत नाही. फरक काढून एका कॅमेऱ्याचे फोटो सरकवा. सोबत रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल) असतील तर त्याही त्याच फेरीत निवडा. नाहीतर जेपेग एका दिवशी आणि त्याची रॉ दुसऱ्या दिवशी.

दुरुस्तीनंतर कॅमेऱ्यात पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घालून तो एक-दोन दिवस तसाच ठेवा, मग वेळ लावा. पुन्हा बॅटरी काढून चार तासांनी बघा. वेळ गेली असेल तर सेल संपला आहे. काही मॉडेलमध्ये तो बॅटरीच्या कप्प्याजवळ छोट्या खाचेत असतो आणि सीआर१२२० सारखा बटण सेल दुकानात मिळतो. मॉडेलच्या पुस्तिकेतला नंबरच घ्या. खाच दिसत नसेल, तर सेल आत बोर्डावर झाळलेला आहे. तिथे स्क्रू उघडू नका. फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर कॅमेरा बंद असतानाही जोरदार झटका देतो. कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे द्या, किंवा दर वेळी तारीख लावायची सवय करा.

स्कॅन केलेले जुने फोटो

यांच्या आत स्कॅनची तारीख असते किंवा काहीच नसतं. खरी तारीख हाताने घालायची. विंडोजमध्ये फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’मध्ये ‘डेट टेकन’वर क्लिक करून ती लिहिता येते, जेपेगला चालतं, पीएनजीला नाही. बरेच फोटो एकत्र निवडून एकाच वेळीही होतं.

पुरावा फोटोतच शोधा: मागे पेनने लिहिलेलं काही, कोपऱ्यात फिल्म कॅमेऱ्याने उमटवलेले केशरी आकडे, भिंतीवरचं कॅलेंडर. केशरी आकड्यांत ०३ ०४ असेल तर आधी दिवस की आधी महिना हे त्याच रोलमधल्या दुसऱ्या फोटोवरून ठरवा. या दोन जागांपैकी एकीत १२ च्या पुढचा आकडा सापडला, तर ती जागा दिवसाची. फक्त वर्ष माहीत असेल तर सगळीकडे एकच खूण ठेवा, उदाहरणार्थ १ जानेवारी, रात्री बारा वाजता, आणि वर्णनाच्या रकान्यात ‘अंदाजे’ लिहा. नाहीतर दहा वर्षांनी घरातलं कुणीतरी ती तारीख खरी धरून वाढदिवस काढेल. एक्झिफमध्ये १९६२ सुद्धा बसतं, पण काही ॲप १९७० च्या आधीच्या तारखांना अडखळतात, तेव्हा आधी एकावर करून बघा.

गूगलमधून उतरवलेला संग्रह

गूगलच्या टेकआउट या सोयीने फोटो उतरवले की प्रत्येकाशेजारी एक जेसन फाइल, म्हणजे फोटोची माहिती लिहिलेली छोटी मजकूर फाइल येते. ती कचरा समजून उडवू नका. गूगल फोटोजमध्ये तुम्ही तारीख हाताने बदलली असेल, तर तो बदल फोटोत नसतो, या जोडफाइलमध्ये असतो. झिपचे तुकडे सहसा २ जीबीचे पडतात आणि फोटो एका तुकड्यात, त्याची जेसन दुसऱ्यात, असं होतं. म्हणून सगळे तुकडे आधी एकाच फोल्डरमध्ये उघडा. जेसनमधली तारीख फोटोत भरायला एक्झिफटूल लागतं आणि ते काळ्या खिडकीत आज्ञा लिहून चालतं. तशी सवय नसेल, तर इथे ओळखीच्या जाणकाराला बसवा. एक चुकीची आज्ञा हजारो फाइलवर एका सेकंदात फिरते.

नीट केलं, तरी फोन जुनीच तारीख दाखवतो

अँड्रॉइडने फाइलची माहिती एकदा वाचून आपल्या यादीत ठेवलेली असते. फोन रीस्टार्ट करा. तरीही तेच असेल, तर फोल्डरचं नाव बदला, म्हणजे तो नव्याने वाचला जातो. मूळ फोटो पुन्हा दुरुस्त करत बसू नका.

नावं बदलणारच असाल, तर तारीख पुढे आणि वर्ष आधी ठेवा: 2018-09-13 गणपती. दिवस आधी लिहिला की सगळ्या महिन्यांच्या १३ तारखा एकत्र येतात. शब्द मराठीत खुशाल लिहा, आकडे मात्र इंग्रजी ठेवा. देवनागरी आकड्यांतून तारीख ओळखणारं सॉफ्टवेअर सहसा भेटत नाही.

इथे थांबा

कार्ड लावल्यावर ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं, फाइलची नावं अगम्य चिन्हांची झाली, आकार शून्य दिसू लागला किंवा एकाच फोल्डरमध्ये वर सांगितलेल्या १९०४, १९७०, १९८० खेरीज अशक्य वर्षं दिसली, तर ही तारखेची तक्रार नाही, कार्ड जातंय. त्यावर काहीही लिहू नका, आणखी फोटो काढू नका, ‘दुरुस्ती’चा पर्यायही दाबू नका. कार्ड अजून वाचलं जात असेल, तर आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. वाचलं जात नसेल, किंवा हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, तर वीज काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. दर वेळी ‘आणखी एकदा बघू’ म्हणून जोडलेली डिस्क थोडी थोडी कमी परत देते.

आणि फोटो विमा, अपघात किंवा कोर्टाच्या कामी लागणार असतील, तर तारीख ढळढळीत चुकीची असली तरी मूळ फाइल बदलू नका. कार्ड तसंच बाजूला ठेवा आणि आधी वकिलाला विचारा.